जुने लॅपटॉप नेटवर्कवरून चालवायचे तर आधी वायर बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात मानेवाडा भागात एक अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे सकाळपासून रात्री उशिरापर्यंत बसतात. एका ऑफिसने त्यांना १८ जुने लॅपटॉप दिले. काहींत २ जीबी रॅम, काहींत ४ जीबी. सात-आठ जणांच्या हार्ड डिस्क गेलेल्या, बाकीच्यांवर जुनं विंडोज आहे आणि ते सुरू व्हायला दहा-दहा मिनिटं घेतं. अभ्यासिकेकडे एक बरा डेस्कटॉप आहे. त्याला सर्वर करून हे सगळे लॅपटॉप डिस्कशिवाय नेटवर्कवरून चालतील का, असं अभ्यासिका सांभाळणाऱ्या ताईंनी विचारलं आहे. त्यांनी एक लॅपटॉप इंटरनेटच्या राउटरला केबलने जोडून पाहिला, तर ‘पीएक्सई-ई५३’ असा संदेश येऊन तो थांबला. ‘हे होऊन राहिलं का भाऊ, की भंगारात देऊन टाकू?’ असं त्यांचं शेवटचं वाक्य आहे.

ताई, होईल. भंगारात देऊ नका. नागपूर आणि आसपासच्या शाळांमध्ये, अभ्यासिकांमध्ये मी बारा वर्षांपासून हेच काम करतो. जिथे जिथे अशी खोली फसलेली पाहिली, तिथे दोष लॅपटॉपचा क्वचितच होता. लोक पैसे आणि वेळ लॅपटॉपवर घालवतात, आणि ज्या वायरीवरून सगळं येणार ती वायर सगळ्यात स्वस्त आणतात. तुमचं उत्तर म्हणून मला मुख्य गोष्ट एवढीच सांगायची आहे, की आधी केबल आणि स्विच (सगळ्या केबल जिथे जोडल्या जातात तो डबा), मग सर्वर, आणि लॅपटॉप सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं त्याच क्रमाने आलेलं नाही, कारण तुम्ही ई५३ वर अडकल्या आहात, म्हणून तिथूनच सुरू करतो.

त्याआधी एक. लॅपटॉप चार-पाचच असते, तर मी तुम्हाला हा मार्ग सांगितलाच नसता. प्रत्येकात एक छोटी एसएसडी घालून साधं लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाका म्हटलं असतं. नेटवर्क बूटची, म्हणजे नेटवर्कवरून मशीन सुरू करण्याची मेहनत दहाच्या वर मशीन असतील तेव्हा वसूल होते, कारण मग दुरुस्ती, अपडेट, नवीन प्रोग्रॅम सगळं एकाच ठिकाणी करायचं असतं. तुमच्याकडे १८ आहेत आणि त्यांना सांभाळायला बहुतेक तुम्ही एकट्याच आहात. तुमच्यासाठी हा मार्ग योग्य आहे.

आता ई५३. ही वाईट बातमी नाही, अर्धा रस्ता झाल्याची खूण आहे. लॅपटॉप नेटवर्कवरून सुरू होतो तेव्हा त्याचं लॅन कार्ड आधी सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतं, ‘मी नवीन आहे, मला पत्ता द्या, आणि कोणती फाइल कुठून घेऊ तेही सांगा.’ या पद्धतीला पीएक्सई म्हणतात. इंटेलने ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणली आणि तिची २.१ ही आवृत्ती १९९९ची, म्हणजे तुमच्या १८ पैकी ज्यांना लॅनचं भोक आहे त्या जवळपास सगळ्यांत ती असणार. हाकेला उत्तर देतो तो डीएचसीपी. त्याने पत्ता दिला, फाइलचं नाव दिलं, की कार्ड टीएफटीपी या फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने ती छोटी फाइल ओढतं, ती फाइल पुढे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ओढते, आणि तिथून लिनक्स सुरू होतं.

यातल्या प्रत्येक पायरीचा वेगळा संदेश आहे आणि ते पाठ असले की निम्मं काम होतं. ई६१ आला तर केबलच लागलेली नाही किंवा तुटलेली आहे, बाकी काही शोधू नका. ई५१ म्हणजे हाक मारली पण पत्ता द्यायला कुणी आलं नाही. ई५३ म्हणजे पत्ता मिळाला, फाइलचं नाव मिळालं नाही. ई३२ म्हणजे नावही मिळालं, पण ती फाइल देणाऱ्याने दार उघडलं नाही. बहुतेक वेळा सर्वरवरचा फायरवॉल यूडीपी ६९ हा पोर्ट, म्हणजे टीएफटीपीचं दार, अडवून बसलेला असतो. तुमच्याकडे इंटरनेटवाल्याचा राउटर पत्ता देतो आहे, पण बूटची फाइल कुठे आहे हे त्याला ठाऊकच नाही. म्हणजे तुमची केबल ठीक आहे, कार्ड ठीक आहे, बायोसमधलं, म्हणजे लॅपटॉप कुठून सुरू व्हायचा ते ठरवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममधलं, सेटिंग ठीक आहे. पहिल्याच प्रयत्नात हे जमलं याचं मला खरंच कौतुक वाटतं.

इथे बहुतेक जण राउटरच्या सेटिंगमध्ये शिरतात. डीएचसीपीत ६६ आणि ६७ क्रमांकाचे पर्याय असतात, त्यात सर्वरचा पत्ता आणि फाइलचं नाव लिहायचं असतं. पण घरगुती राउटरमध्ये ते बहुधा दिसतच नाहीत. मग माणूस सर्वरवर दुसरा डीएचसीपी सुरू करतो आणि राउटरचा बंद करायला विसरतो. आता खोलीत पत्ता वाटणारे दोघं. लॅपटॉप ज्याचं उत्तर आधी येईल ते घेतो, त्यामुळे कधी सुरू होतो, कधी ई५३ वर थांबतो. ‘सर, सकाळी चालून राहिला होता, आता नाही चालत,’ असं कुणी म्हटलं की मी आधी हेच तपासतो.

यावर चांगला उपाय आहे तो प्रॉक्सी डीएचसीपी. राउटर पत्ते वाटत राहतो, त्याला हात लावायचा नाही. सर्वरवर डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवायचा आणि त्याला सांगायचं, की तू पत्ता देऊ नकोस, फक्त बूटची फाइल कुठे आहे तेवढं सांग. लॅपटॉपला दोन्ही उत्तरं मिळतात आणि तो ती जोडून घेतो. फार जुनी काही कार्डं अशी दोन उत्तरं जोडू शकत नाहीत. १८ मध्ये अशी एक-दोन निघाली तर त्यांच्यासाठी आयपीएक्सई नावाची छोटी फाइल पेन ड्राइव्हवर टाका आणि तिथून सुरू करा. ती कार्डातल्या जुन्या पीएक्सईची जागा घेते आणि पुढे सगळं तसंच चालतं. मुलं पेन ड्राइव्ह काढून नेतील ही भीती असेल तर लॅपटॉपची स्वतःची हार्ड डिस्क जिवंत असल्यास तीच फाइल तिच्यावर टाकता येते.

वायफायवरून का नाही, हे तुम्ही विचाराल. कारण लॅपटॉप सुरू होताना अजून काहीच लोड झालेलं नसतं, वायफायचा पासवर्ड कुठे ठेवणार? काही खटपटी आहेत, पण १८ मशीनच्या खोलीसाठी त्यांच्या नादी लागू नका. केबल टाकावीच लागेल.

आणि केबल म्हटल्यावर एक प्रसंग सांगतो, कारण त्यातून मी जे शिकलो ते मला कोणत्याही कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं. उमरेड रोडकडच्या एका शाळेत तीन रांगांमध्ये १२ लॅपटॉप लावले होते. पहिली रांग झटक्यात सुरू व्हायची. दुसरी रखडत. तिसऱ्या रांगेत स्क्रीनवर ठिपके येत राहायचे, पंधरा-वीस ठिपके, मग थांबायचे, मग चूक. मी सर्वर पुन्हा बसवला, लॅपटॉप आलटून पालटून ठेवले, स्विच बदलला. टेस्टर लावला तर एक ते आठ सगळे दिवे हिरवे. दोन दिवस गेले. शेवटी प्लगवरचं रबर मागे सारून उन्हात धरून पाहिलं. ज्या मुलाने क्रिम्पिंग केलं होतं, म्हणजे तारांना प्लग बसवले होते, त्याने रंग सरळ ओळीने लावले होते: नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी. दोन्ही टोकांना सारखेच, म्हणून टेस्टर खूश. पण खरा क्रम असतो पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तीन आणि सहा नंबरच्या पिनांवर एकाच जोडीच्या दोन तारा यायला हव्यात. त्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि त्या पिळामुळेच बाजूच्या जोडीचा गोंधळ त्यांच्यात शिरत नाही. सरळ ओळीने लावलं की तीनवर एका जोडीची तार आणि सहावर दुसऱ्या जोडीची. पीळ असून नसल्यासारखा. चार मीटरच्या केबलवर हे खपून जातं, तीस मीटरवर नाही. म्हणून पहिली रांग चालत होती.

टीएफटीपी अशा केबलवर सगळ्यात आधी मरतो, कारण तो एक तुकडा पाठवतो आणि पोच आल्याशिवाय दुसरा पाठवत नाही. एक तुकडा हरवला की वाट बघत बसतो. त्याच केबलवर यूट्यूब मात्र कसंबसं चालतं, म्हणून लोकांना वाटतं केबल चांगली आहे. तुमच्याकडे कुणी केबल ओढून देणार असेल तर त्याच्या शेजारी उभं राहून रंगांचा क्रम वाचून घ्या. आणि बर्डीच्या बाजारात केबल घेताना दुकानदाराला एक तार ब्लेडने खरवडून दाखवायला सांगा. आतून चंदेरी निघाली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली आहे. ती घेऊ नका, वर्षभरात प्लगपाशी तुटायला लागते. आतूनही तांबूस असली तर घ्या, कॅट ५ई पुरे आहे.

स्विच गिगाबिटचा घ्या, १८ लॅपटॉप आणि सर्वर मिळून २४ पोर्टचा. राउटरचे मागचे चार पोर्ट आणि त्याला जोडलेले छोटे छोटे डबे अशी माळ करू नका. गिगाबिट का, याचा हिशेब साधा आहे. समजा एक लॅपटॉप सुरू होऊन ब्राउझर उघडेपर्यंत सर्वरकडून ३०० एमबी ओढतो. १५ लॅपटॉप एकदम सुरू केले तर ४,५०० एमबी. सर्वरचा पोर्ट १०० मेगाबिटचा असेल तर सेकंदाला जेमतेम ११ एमबी निघतात, म्हणजे जवळजवळ सात मिनिटं. गिगाबिट असेल तर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास, म्हणजे पाऊण मिनिटाच्या आत. लॅपटॉपची कार्डं १०० मेगाबिटची असली तरी चालतात, कारण त्या प्रत्येकाला आपलेच ३०० एमबी घ्यायचे आहेत. अर्ध्या मिनिटात ते होतात. म्हणून सर्वर ते स्विच ही एक केबल गिगाबिटवर चालते आहे ना, एवढं नक्की करा. एखाद्या ऑफिसने काढून टाकलेला मोठा, सेटिंगवाला स्विच कुणी फुकट देत असेल तर सावध राहा. त्यात स्पॅनिंग ट्री (केबलींची चुकून गोल साखळी झाली तर ती तोडणारी सोय) चालू असलं की केबल लागल्यावर पोर्ट ३० सेकंद गप्प बसतो. तेवढ्यात कार्डाचा धीर सुटतो आणि ई५१ येतो. त्या पोर्टांवर पोर्टफास्ट हे सेटिंग चालू केलं की हा त्रास जातो. साध्या स्विचमध्ये ही भानगडच नसते.

आता खरा निर्णय. ‘थिन क्लायंट’ हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि त्यामुळे सर्वरचा अंदाज चुकतो. पहिल्या प्रकारात लॅपटॉप फक्त पडदा आणि कीबोर्ड असतो. ब्राउझर, पीडीएफ, सगळं सर्वरवर चालतं आणि चित्र तेवढं लॅपटॉपवर येतं. हा खरा थिन क्लायंट. दुसऱ्या प्रकारात लॅपटॉप सर्वरवरची लिनक्सची प्रत नेटवर्कवरून उघडतो, पण प्रोग्रॅम स्वतःच्या प्रोसेसरवर आणि स्वतःच्या रॅममध्ये चालवतो. त्याला आपण डिस्कलेस म्हणू. दुसऱ्या प्रकारात सर्वर म्हणजे फक्त कोठार. ८ जीबी रॅम आणि एक एसएसडी असलेला तुमचा डेस्कटॉप आरामात पुरेल. पहिल्या प्रकारात मात्र प्रत्येक मुलाचा ब्राउझर सर्वरची रॅम खातो. माझा नेहमीचा हिशेब माणशी १ जीबी, वर सर्वरसाठी ४. सगळे १८ असे चालवायचे तर २२ जीबी, म्हणजे ३२ची तयारी.

माझं मत ठाम आहे: ४ जीबीवाले डिस्कलेस चालवा. २ जीबीवाले आधी ४ जीबी करता येतात का बघा. तुमच्याकडे १८ आहेत, पण तुम्हाला १८ हवेच आहेत का? ज्यांचे स्क्रीन फुटलेत, बिजागऱ्या निघाल्यात, कीबोर्डचे निम्मे बटण चालत नाहीत, अशा चार-पाच जणांची रॅम काढून बाकीच्यांना द्या. १८ पैकी १३-१४ धडधाकट मशीन उभी राहिली तर ती १८ रडक्या मशीनपेक्षा मुलांच्या जास्त कामाची. रॅम काढताना डीडीआर२ आणि डीडीआर३ एकमेकांत बसत नाहीत, खाच वेगळ्या जागी असते, जोर लावू नका. एवढं करूनही २ जीबीवर राहिलेले दोन-तीन असतील तर त्यांना खऱ्या अर्थाने थिन क्लायंट करा: सर्वरवर एक्सआरडीपी (चित्र पाठवणारा प्रोग्रॅम) आणि लॅपटॉपवर फक्त फ्रीआरडीपी (ते चित्र दाखवणारा). त्यांच्यासाठी सर्वरमध्ये २-३ जीबी जास्तीची रॅम लागेल, तेवढंच. अशा लॅपटॉपवर व्हिडिओ अडखळेल हे मुलांना आधीच सांगा. वाचायला आणि टायपिंगला ते उत्तम चालतात.

कुणी तुम्हाला सुचवेल, की सर्वरवर विंडोज टाकून सगळ्यांना त्यावर लॉगिन द्या. साध्या विंडोजवर एका वेळी एकालाच बसायची परवानगी असते. अनेकांसाठी विंडोज सर्वर आणि प्रत्येकामागे वेगळं लायसन्स लागतं. अभ्यासिकेच्या फीमध्ये ते बसणार नाही. विंडोज १०चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे या लॅपटॉपवर जुनंच विंडोज चालवत राहणं मुलांच्या पासवर्डच्या दृष्टीने बरं नाही.

सर्वरसाठी मी एलटीएसपी वापरतो. लिनक्स टर्मिनल सर्वर प्रोजेक्ट १९९९ पासून चालू आहे आणि २०१९ मध्ये ते नव्याने लिहिलं गेलं. इंटरनेटवर शोधाल तर निम्मी माहिती जुन्या आवृत्तीची सापडेल. तिच्यात क्लायंटसाठी, म्हणजे लॅपटॉपसाठी, वेगळं लिनक्स एका फोल्डरमध्ये उभं करायला सांगितलेलं असतं. ते वाचून गोंधळू नका. नव्या पद्धतीत सर्वरवर जे लिनक्स आहे त्याचीच दाबून बसवलेली एक प्रत तयार होते आणि ती सगळ्यांना जाते. म्हणजे तुमच्या डेस्कटॉपवर डेबियन हे लिनक्स, एक्सएफसीई या हलक्या मांडणीसह बसवा. मुलांना लागणारे सगळे प्रोग्रॅम त्याच्यावर टाका, स्वतः वापरून बघा, आणि मग पाच आज्ञा: ‘एलटीएसपी इमेज’, ‘एलटीएसपी आयपीएक्सई’, ‘एलटीएसपी एनएफएस’, ‘एलटीएसपी इनिटआरडी’, ‘एलटीएसपी डीएनएसमास्क’. शेवटची आज्ञा तुमचा राउटर न हलवता प्रॉक्सीच लावते. एवढ्यावर पहिला लॅपटॉप उठतो.

पुढे दोन गोष्टी सगळ्यांनाच चकवतात. नवीन मुलाचं खातं सर्वरवर उघडलं, तरी त्याला लॅपटॉपवर लॉगिन होत नाही, पासवर्ड चूक म्हणतो. पासवर्ड बरोबर असतो. खात्यांची यादी इनिटआरडी या सुरुवातीलाच जाणाऱ्या फाइलमधून लॅपटॉपकडे जाते, म्हणून खातं उघडल्यावर ती चौथी आज्ञा पुन्हा द्यायची आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा. दुसरी गोष्ट, नवीन प्रोग्रॅम सर्वरवर टाकला की पहिली आज्ञा पुन्हा द्यायची, नाहीतर लॅपटॉप जुनीच प्रत बघत राहतात. मुलांनी लॅपटॉपवर सिस्टिममध्ये काहीही उलटसुलट केलं तरी ते फक्त रॅममध्ये राहतं आणि बंद करताच जातं. त्यांच्या स्वतःच्या फाइली मात्र सर्वरवरच्या त्यांच्या फोल्डरमध्ये राहतात. म्हणून सर्वरच्या त्या फोल्डरचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर रोज रात्री घेतलाच पाहिजे. सगळ्यांच्या नोट्स एका डिस्कवर आल्या आहेत, हे विसरू नका.

लॅपटॉपच्या बाजूने काय करायचं ते पटकन सांगतो. बायोसमध्ये नेटवर्क बूट चालू करायचं आणि पहिल्या क्रमांकावर आणायचं. कुठे त्याला ‘पीएक्सई ऑप्शन रॉम’ म्हणतात, कुठे ‘यूईएफआय नेटवर्क स्टॅक’. डेल आणि लेनोवोच्या थिंकपॅडवर एफ१२ने बूटची यादी येते, एचपीवर एफ९ने. साधारण २०१२ नंतरच्या मशीनमध्ये सिक्युअर बूट असतं, ते बंद करा. लेगसीचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बूटचा, पर्याय असेल तर या वयाच्या मशीनवर तोच जास्त सरळ चालतो. बायोसलाच पासवर्ड असेल तर तो देणाऱ्या ऑफिसच्या आयटी विभागाकडून आत्ताच मागून घ्या. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड बायोसचा छोटा गोल सेल काढून जात नाही. आणि जिवंत हार्ड डिस्क तशाच वापरू नका. त्यांत त्या ऑफिसचा डेटा असू शकतो. त्या पुसून घ्या किंवा काढून परत द्या. डिस्क काढली की लॅपटॉप कमी तापतो, हा वरचा फायदा.

एखादा फार जुना, ३२ बिटचा निघू शकतो, २००६ च्या सुमाराचा कोअर ड्युओ किंवा २००८ चा ॲटम एन२७०. ६४ बिटची प्रत त्याच्यावर उठणार नाही. डेबियन १२ हे ३२ बिटवर बसवता येणारं शेवटचं डेबियन, १३ मध्ये तो पर्याय काढला आहे. एका मशीनसाठी वेगळी प्रत सांभाळू नका. त्याची रॅम, अडॅप्टर काढून घ्या आणि त्याला रजा द्या.

बायोसचा सेल, तो सीआर२०३२, सगळ्यांचा तपासा. या वयाच्या लॅपटॉपमध्ये तो मेलेला असतो. वीज गेली की बायोस मूळ सेटिंगवर जातो, नेटवर्क बूट बंद होतं आणि तारीखही मागे जाते. तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक वेबसाइट असुरक्षित म्हणतो. मुलं म्हणतात नेट बंद आहे, पण नेट चालू असतं. सगळे सेल एकदम आणून एका रविवारी बदलून टाका. काही मॉडेलमध्ये तो वायर आणि प्लग लावलेला येतो, तेव्हा एक उघडून बघा आणि मगच आणा.

झाकण लावल्यावर लॅपटॉप झोपतो, हे सर्वरच्या सेटिंगमध्येच बंद करून टाका. डिस्क असलेला लॅपटॉप झोपून उठतो तेव्हा त्याची डिस्क जागेवर असते. इथे डिस्क म्हणजे केबलच्या पलीकडचा सर्वर आहे. झोपेतून उठल्यावर तो जोडला जाईलच असं नाही, आणि मग सगळं गोठतं.

आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दहा-बारा वर्षांच्या लॅपटॉपचा पंखा आणि त्यापुढची जाळी साफ असलीच पाहिजे. उघडाल तेव्हा जाळीवर बोटभर जाड धुळीची गादी निघेल. ती ब्रशने काढा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावा. कूलर लावला असेल तर त्याचा झोत सर्वर आणि स्विचवर येऊ देऊ नका. ती हवा दमट असते आणि पोर्टाच्या पिना गंजतात. ज्या बॅटऱ्या फुगल्या आहेत, ज्यांच्यामुळे टचपॅड वर उचलला गेलाय, त्या आजच काढा. त्यांना टोचू नका, दाबू नका, आणि कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बॅटरीशिवाय लॅपटॉप अडॅप्टरवर चालतो.

वीज गेली की चांगल्या बॅटरीचे लॅपटॉप चालू राहतील, पण त्यावर निर्धास्त होऊ नका. सर्वर आणि स्विच बंद पडला तर चालू लॅपटॉपचाही काही उपयोग नाही, तो आहे तिथे गोठेल. यूपीएस सर्वरला तर हवाच, स्विचला आणि राउटरलाही त्याच यूपीएसवर घ्या. लोक स्विच विसरतात. यूपीएसवर नसलेला स्विच वीज आल्यावर परत सुरू झाला की गोठलेले लॅपटॉप बहुतेक वेळा आपोआप पुढे चालू लागतात, सर्वरवरच्या फाइली पुरवणारा एनएफएस वाट बघत राहतो म्हणून. तेव्हा मुलांना सांगून ठेवा, की पॉवर बटण दाबून धरू नका, दोन मिनिटं थांबा.

मृगाच्या आधीच्या वादळात एका ठिकाणी माझं मोठं नुकसान झालं होतं. दोन इमारतींमध्ये गच्चीवरून साधी लॅन केबल ओढली होती. जवळ वीज पडली आणि त्या केबलच्या दोन्ही टोकांचे स्विच आणि चार लॅपटॉपचे पोर्ट एका क्षणात गेले. तुमच्या अभ्यासिकेचा वरचा हॉल मागच्या इमारतीत असेल तर तिथे तांब्याची केबल नेऊ नका. मधला तुकडा फायबरचा करा आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारा डबा) लावा. काचेतून वीज येत नाही.

मुलांच्या कामाचं: देवनागरीसाठी नोटो किंवा लोहितचे फॉन्ट सर्वरवरच टाका, टायपिंगसाठी आयबस हा प्रोग्रॅम आणि त्यात मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड. एकदा केलं की सगळ्या लॅपटॉपवर आलं. लेक्चरचे व्हिडिओ जुन्या लॅपटॉपवर अडखळतात, कारण यूट्यूब व्हीपी९ किंवा एव्ही१ प्रकारात व्हिडिओ पाठवतं आणि जुन्या ग्राफिक्स चिपला ते उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. ब्राउझरमध्ये एच२६४इफाय हे एक्स्टेन्शन टाका, मग तोच व्हिडिओ एच.२६४ मध्ये येतो आणि ४८०पीवर नीट चालतो. आणि इपॉप्टिस बसवून घ्या. तुमच्या टेबलावरून सगळे पडदे एकत्र दिसतात, आणि रात्री सगळे लॅपटॉप एका क्लिकमध्ये बंद करता येतात. तुम्हाला रोज १४ मशीनपाशी जावं लागणार नाही.

सुरुवात मात्र एकाच लॅपटॉपने करा. ४ जीबीचा, त्यातल्या त्यात चांगला निवडा. स्विच मध्ये घ्या: राउटरमधून एक केबल स्विचला, सर्वरमधून एक, लॅपटॉपमधून एक. तीनच केबल, त्याही बाजारातल्या तयार, दोन-दोन मीटरच्या. ई५३ जाऊन एलटीएसपीचा मेनू दिसला, लॉगिन झालं आणि ब्राउझर उघडला, की मग खोलीतली लांब केबल टाकायला माणूस बोलवा. त्याने केबल टाकल्यावर तोच चालणारा लॅपटॉप उचलून प्रत्येक जागेवर न्या आणि तिथे सुरू करून बघा. लॅपटॉप चांगला आहे हे आधीच सिद्ध झालेलं आहे, त्यामुळे जिथे तो अडेल तिथली केबल खराब, हे तिथल्या तिथे त्या माणसाला दाखवता येईल, आणि तो जायच्या आधी दुरुस्त करून घेता येईल. सगळ्या जागा पास झाल्या की बाकीचे लॅपटॉप एकेक करून आणा. प्रत्येकाच्या पाठीवर कागदाची चिठ्ठी चिकटवा: जागेचा नंबर, रॅम किती, बायोसचा सेल कधी बदलला, आणि स्क्रीनवर पीएक्सई सुरू होताना दिसतो तो बारा अक्षरांचा मॅक पत्ता. एखाद्याचा पडदा काळा राहिला किंवा ग्राफिक्स नीट आलं नाही, तर त्याच पत्त्याच्या नावाने एलटीएसपीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये त्या एकट्यासाठी वेगळी ओळ लिहिता येते, बाकीच्यांना धक्का न लावता.